दिंडीतील फिरते स्वयंपाकघर

दिंडीतील फिरते स्वयंपाकघर म्हणजे पंढरपूरच्या वारीत पायी चालणाऱ्या दिंडीसोबत मालमोटार, टेम्पो किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जाणारी आणि प्रत्येक मुक्कामी नव्याने उभी राहणारी स्वयंपाकाची व्यवस्था होय. हे वाहन बहुधा भाड्याचे किंवा दिंडीतील एखाद्या शेतकऱ्याच्या मालकीचे असते. वारीच्या काळापुरते त्यात फळ्या, मांडण्या, पाण्याची टाकी, दिवे आणि शेगड्यांची बैठक बसवली जाते व वारी संपल्यावर हे सामान काढून वाहन पुन्हा मालवाहतुकीला लावले जाते. ही जोडणी कारखान्यात होत नाही. गावातील सुतार, वेल्डर आणि दिंडीतील जाणती माणसे ती स्वतः करतात. त्यामुळे विदेशातील मोटारघरांतील हौशी स्वयंपाकघरांशी तिचे साम्य असले, तरी तिचा हेतू वेगळा आहे. मोटारघरात एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो. दिंडीच्या वाहनावर शंभर ते काही शेकडा माणसांचे दोन वेळचे जेवण अवलंबून असते.

पार्श्वभूमी

आषाढी एकादशीला पंढरपुरी पोहोचण्यासाठी महाराष्ट्राच्या विविध भागांतून पालख्या निघतात. देहूहून निघणारा संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा १६८५ मध्ये नारायण महाराजांनी सुरू केल्याचे मानले जाते. आळंदीहून निघणाऱ्या संत ज्ञानेश्वर महाराजांच्या सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी दिले. पालखीसोबत चालणाऱ्या वारकऱ्यांच्या संघटित समूहास दिंडी म्हणतात. वीणेकरी, टाळकरी, मृदंगवादक, तुळस व पाण्याचा हंडा डोक्यावर घेतलेल्या स्त्रिया आणि पताकाधारी असे तिचे स्वरूप असते.

वाहने येण्यापूर्वी वारकरी शिधा पाठीवर घेऊन चालत आणि मुक्कामी तीन दगडांची चूल मांडून भाकरी भाजत. मोठ्या दिंड्यांचे सामान बैलगाड्यांतून जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मालमोटारींचा वापर वाढला. बैलगाडी पालखीच्याच वेगाने चालत असे. मालमोटार मात्र दिंडीच्या कितीतरी आधी पुढील मुक्कामी पोहोचू शकते. माणसे चालत असतानाच स्वयंपाक सुरू करणे त्यामुळे शक्य झाले. दिंडीचा आकार वाढण्यामागे हेही एक कारण आहे.

हिंगोली जिल्हा आणि वारीचे मार्ग

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे त्याचे पाच तालुके आहेत. कयाधू नदीकाठचे नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते व ते ‘नरसी नामदेव’ या नावानेच ओळखले जाते. परंपरेनुसार नामदेवांचा जन्म १२७० मधील असून त्यांचे जन्मस्थान पंढरपूर असल्याचाही एक मतप्रवाह आहे. औंढा नागनाथ येथे विसोबा खेचर यांच्याशी नामदेवांची भेट झाल्याची कथा वारकरी परंपरेत प्रसिद्ध आहे. नरसीहून आषाढी वारीसाठी संत नामदेवांची पालखी पंढरपूरला जाते.

शेगावहून निघणारी संत गजानन महाराजांची पालखीही विदर्भातून मराठवाड्यात येताना सेनगाव, औंढा नागनाथ, जवळा बाजार या मार्गाने परभणीकडे जाते. हा प्रवास सुमारे एक महिन्याचा असतो. आळंदी ते पंढरपूर हे अंतर अदमासे अडीचशे किलोमीटर आहे. मराठवाडा व विदर्भातून जाणाऱ्या वाटा त्याहून लांब असून त्यांवर मोठी शहरे कमी लागतात. जूनच्या आरंभी या भागात उन्हाळ्याची झळ असते आणि पुढील टप्प्यात पावसाच्या सरी येतात. त्यामुळे येथून निघणाऱ्या दिंडीच्या वाहनाला ऊन आणि पाऊस या दोहोंची तयारी ठेवावी लागते.

भिशी आणि दिनक्रम

दिंडीतील सामूहिक भोजनव्यवस्थेला ‘भिशी’ म्हणतात. दिंडीत सहभागी होणारे वारकरी ठरावीक रक्कम किंवा शिधा देतात व त्यातून संपूर्ण वाटेचा खर्च भागवला जातो. वाटेवरील गावकरीही एखाद्या वेळचे जेवण देतात, त्यास ‘पंगत देणे’ म्हणतात. राज्य शासनाने २०२४ मध्ये आषाढी वारीतील दिंड्यांसाठी प्रतिदिंडी २०,००० रुपयांचे अनुदान जाहीर केले. महिनाभराच्या वाटेवर मोठ्या दिंडीच्या शिध्याचा व वाहनाचा खर्च याहून कितीतरी अधिक असल्याने वर्गणी आणि अन्नदान हेच भिशीचे मुख्य आधार राहिले आहेत.

स्वयंपाकाचा दिवस पहाटेपूर्वी सुरू होतो. प्रथम चहा होतो, नंतर पोहे किंवा उपमा. दिंडी मार्गस्थ झाल्यावर भांडी घासून, राहुट्या उतरवून वाहन भरले जाते आणि ते दुपारच्या विसाव्याच्या ठिकाणी पुढे जाते. दुपारी भाजी, पोळी किंवा भाकरी, वरण, भात असे जेवण असते. रात्री बहुधा पिठले-भाकरी किंवा खिचडी. कोठी सांभाळणारा माणूस शिध्याचा हिशोब ठेवतो, आचारी शेगडी सांभाळतो आणि भाजी चिरणे, पोळ्या लाटणे, वाढणे ही कामे वारकरी वाटून घेतात.

वाहनाची रचना

हौद्याची मांडणी

वाहन भरताना दोन नियम पाळले जातात. पहिला वजनाचा: धान्याची पोती, तेलाचे डबे, मोठी पातेली आणि पाण्याची टाकी हौद्याच्या तळाशी, केबिनच्या बाजूला व चाकांच्या मधोमध ठेवतात. जड सामान मागील टोकाला किंवा उंचावर गेल्यास वाहनाचा तोल बिघडतो आणि वळणावर ते कलण्याचा धोका वाढतो. दुसरा नियम क्रमाचा: जे मुक्कामी प्रथम लागते ते शेवटी भरतात. ताडपत्री, राहुटीचे बांबू, चहाचे पातेले, साखर-पत्तीचा डबा आणि पाण्याच्या घागरी फाळक्याजवळ असल्या, तर वाहन थांबताच पावसाचा आडोसा उभारून चहा ठेवता येतो.

मांडणीसाठी भोके असलेल्या लोखंडी अँगलच्या चौकटी व त्यांवर जाड प्लायवूडच्या फळ्या वापरतात. प्रत्येक फळीच्या कडेला दोन-तीन इंच उंचीची पट्टी ठोकली, तर खड्ड्यांतून जाताना डबे खाली पडत नाहीत. सततच्या हादऱ्यांनी खिळे सैल होतात. म्हणून जोड नट-बोल्टने आवळून त्यांत स्प्रिंग वॉशर घालणे टिकाऊ ठरते. चौकट वाहनाला वेल्डिंगने न जोडता हौद्याच्या कड्यांना बांधली किंवा बोल्टने कसली, तर वारीनंतर ती सुटी करता येते. पातेली एकात एक बसतील अशीच घेतात आणि त्यांच्यामध्ये गोणपाट घालतात.

शेगडीची बैठक आणि आडोसा

चालत्या वाहनात स्वयंपाक केला जात नाही. शेगड्या मुक्कामी जमिनीवर, अँगलच्या बुटक्या स्टँडवर मांडल्या जातात. भरलेल्या मोठ्या पातेल्याचे वजन साठ-सत्तर किलोपर्यंत जाऊ शकते. म्हणून स्टँडचे पाय पसरट असावे लागतात आणि ओल्या मातीत ते रुतू नयेत यासाठी पायांखाली फरशीचे तुकडे किंवा फळ्या ठेवतात. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा करतात. वाहनाच्या बाजूला ताडपत्री बांधून छप्पर काढतात. प्लास्टिकची ताडपत्री सहज पेट घेते, म्हणून ती ज्योतीपासून बरीच उंच ठेवून एक बाजू पूर्ण मोकळी सोडली जाते.

प्रकाश

पहाटेच्या व रात्रीच्या स्वयंपाकासाठी पूर्वी गॅसबत्त्या वापरल्या जात. आता एलईडी दिवे वापरतात. १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत सुमारे १,२०० वॅट-तास ऊर्जा साठते. ९ वॅटचे पाच दिवे पाच तास लावल्यास २२५ वॅट-तास खर्च होतात, म्हणजे एका रात्रीस ही बॅटरी पुरून उरते. दिव्यांसाठी वाहनाचीच बॅटरी वापरल्यास पहाटे इंजिन सुरू न होण्याचा संभव असतो. म्हणून वेगळी बॅटरी ठेवणे आणि तिच्या तारेवर फ्यूज बसवणे योग्य समजले जाते.

पाणी

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. पिणे, स्वयंपाक व भांडी यांसाठी माणशी दहा लिटर धरले, तरी दोनशे माणसांच्या दिंडीला रोज दोन हजार लिटर, म्हणजे दोन टन पाणी लागते. ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान टेम्पोची भारक्षमता पाऊण टनाच्या आसपास असल्याने त्यावर हजार लिटरची भरलेली टाकी ठेवणे धोक्याचे व नियमबाह्य ठरते. मोठ्या दिंड्या यासाठी वेगळा टँकर घेतात. लहान दिंड्या वाहनात दोनशे ते पाचशे लिटरची टाकी बसवून गावोगावी ती भरून घेतात. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी ब्रेक लावताच पुढे उसळते. त्यामुळे एका मोठ्या टाकीपेक्षा दोन-तीन लहान टाक्या पट्ट्यांनी घट्ट बांधणे सोयीचे असते.

टाकीची तोटी तळापासून थोडी वर असावी म्हणजे गाळ भांड्यात येत नाही. टाकीला झाकण असावे आणि पाणी हात न बुडवता तोटीनेच घ्यावे, असा आरोग्य विभागाचा सर्वसाधारण सल्ला असतो. पाणी निर्जंतुक करण्यासाठी हजार लिटरला चांगल्या प्रतीची सुमारे अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागते. पावडर आधी थोड्या पाण्यात कालवून, निवळ टाकीत घालून किमान अर्धा तास थांबतात. त्यानंतर पाण्यात प्रतिलिटर ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे. गढूळ पाण्याला अधिक मात्रा लागते आणि उघडी राहिलेली जुनी पावडर निरुपयोगी होते. एकोणिसाव्या शतकात यात्रांमधून पटकीच्या साथी पसरत. पाण्याच्या शुद्धीकरणाचा आग्रह त्या अनुभवातून आलेला आहे.

इंधन

लाकूड आणि रॉकेलची जागा आता बहुतांशी द्रवरूप पेट्रोलियम वायूने घेतली आहे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो, तर व्यावसायिक सिलिंडरमध्ये १९ किलो वायू असतो. केंद्र शासनाच्या २००० च्या पुरवठा व वितरण आदेशानुसार घरगुती सिलिंडर घरगुती स्वयंपाकाखेरीज अन्य कामासाठी वापरता येत नाही.

हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास वर न जाता खाली साचतो. बंद हौदा हा त्यासाठी खोलगट भांड्यासारखा ठरतो. हवेतील त्याचे प्रमाण सुमारे दोन ते साडेनऊ टक्के असताना एखादी ठिणगीही स्फोटाला पुरते. द्रवाचे वायूत रूपांतर होताना त्याचे आकारमान सुमारे अडीचशे पट होते, त्यामुळे थोडी गळतीही मोठी जागा व्यापते. वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. यावरून वाहनासाठी पुढील दक्षता ठरतात:

- सिलिंडर नेहमी उभा, साखळीने बांधलेला असावा. आडव्या सिलिंडरमधील द्रव थेट रेग्युलेटरमध्ये शिरू शकतो.
- प्रवासात रेग्युलेटर काढून सिलिंडरला सुरक्षा टोपी लावावी. हौद्याच्या तळाशी हवा खेळती राहील अशी फट ठेवावी.
- सिलिंडर असलेल्या हौद्यात माणसे झोपू नयेत व धूम्रपान करू नये.
- मुक्कामी सिलिंडर शेगडीपासून दूर, उन्हाआड व मोकळ्या जागेत ठेवून प्रमाणित रबरी नळीने जोडावा. गळती साबणाच्या फेसाने तपासावी, काडी पेटवून कधीही नाही.
- सिलिंडरच्या कड्याजवळील चाचणीची खूण पाहावी. ए, बी, सी, डी ही अक्षरे वर्षाच्या चार तिमाही दर्शवतात व पुढील अंक वर्ष दाखवतात. मुदत उलटलेला सिलिंडर स्वीकारू नये.
- अग्निशामक नळकांडे सिलिंडरशेजारी न ठेवता केबिनमध्ये किंवा फाळक्याजवळ, हाताशी येईल असे ठेवावे.

वायुगळतीची तक्रार १९०६ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर करता येते. कोळशाची किंवा लाकडाची शेगडी बंद वाहनात वा राहुटीत ऊबेसाठी ठेवणे प्राणघातक ठरू शकते, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग किंवा वास नसतो.

अन्नसुरक्षा

दोनशे माणसांच्या एका पंगतीला माणशी शंभर ग्रॅमप्रमाणे वीस किलो तांदूळ लागतो व त्याचा सुमारे साठ किलो भात होतो. एवढा भात एकाच पातेल्यात तासन्‌तास कोमट राहिला, तर त्यातील जिवाणू झपाट्याने वाढतात. शिजलेले अन्न ६० अंश सेल्सिअसपेक्षा गरम ठेवणे किंवा लगेच वाढून संपवणे हे दोनच सुरक्षित मार्ग वाटेवर उपलब्ध असतात, कारण शीतकपाट नसते. म्हणून अनुभवी आचारी भात दोन किंवा तीन टप्प्यांत शिजवतात आणि दिंडी दिसू लागल्यावरच शेवटचे पातेले चढवतात. मोठ्या दिंड्यांत एकाच वेळी सारे न पोहोचल्याने हे विशेष महत्त्वाचे असते.

उपवासाच्या दिवशी साबुदाणा व भगर यांचा मोठ्या प्रमाणावर वापर होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील सोमठाणा आणि हिंगोलीशेजारच्या नांदेड जिल्ह्यातील कोष्टवाडी येथे धार्मिक कार्यक्रमांत एकादशीच्या प्रसादानंतर मोठ्या संख्येने भाविक आजारी पडले होते. सोमठाणा येथील रुग्णांना गावाबाहेरील रुग्णालयात जागा अपुरी पडल्याने रस्त्यावर, दोरीला सलाइनच्या बाटल्या टांगून उपचार द्यावे लागले. दमट हवेत भगरीवर, विशेषतः तिच्या पिठावर, बुरशी लवकर धरते. अन्न व औषध प्रशासन याबाबत पॅकबंद भगर घ्यावी, सुटे पीठ विकत घेऊ नये आणि दळलेले पीठ साठवू नये अशा सूचना देत असते. वाहनात भगर, साबुदाणा व शेंगदाणे घट्ट झाकणाच्या डब्यांत, तळाच्या ओलीपासून उंच ठेवणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या व नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेल्या वैशिष्ट्यांशी विसंगत ठरेल असा बदल मालकास वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालातही ही मर्यादा अधोरेखित केली. दिंडीच्या वाहनातील सुटी मांडणी, बांधलेली टाकी व भांडी हा माल समजला जातो. मात्र हौदा वाढवणे, सांगाडा कापणे किंवा कायमचे छप्पर बसवणे हा बदल ठरतो. मालवाहू वाहनाच्या हौद्यात प्रवासी बसवण्यासही मनाई आहे. थकलेल्या वारकऱ्यांना सामानावर बसवून नेण्याची प्रथा त्यामुळे नियमबाह्य आणि धोकादायकही आहे.

स्वयंपाकघरासह राहण्याची सोय असलेल्या वाहनांसाठी भारतात ‘मोटार कॅरॅव्हॅन’ हा वेगळा वर्ग असून त्याची मानके एआयएस-१२४ मध्ये दिली आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले. ते पर्यटकांच्या वाहनांसाठी आहे. दिंडीची वाहने त्याच्या कक्षेत येत नाहीत. आषाढी वारीला जाणाऱ्या वाहनांना राज्य शासनाने २०२२ मध्ये पथकरातून सवलत दिली व त्यानंतरही ती जाहीर होत आली आहे.

सामाजिक बाजू

वारीत सर्व समान मानले जात असले, तरी जेवणाच्या बाबतीत ही समता उशिरा आली. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात आपल्या दिंडीत ब्राह्मण व मराठा वारकऱ्यांचा स्वयंपाक आणि पंगती वेगळ्या होत्या असे नोंदवून त्याविषयी खंत व्यक्त केली आहे. या लेखाचा इंग्रजी अनुवाद १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे यासाठी साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले होते. मंदिराचे दार उघडल्यानंतरही पंगतीतील भेद काही काळ टिकून राहिले. एकाच वाहनातून येणारे अन्न, एकच कोठी आणि एकच भिशी या व्यवस्थेत वेगवेगळ्या चुली मांडणे व्यवहारतः अवघड होते. आषाढ पौर्णिमेस गोपाळपूर येथे होणाऱ्या गोपाळकाल्यात सर्वांचे खाद्य एकत्र करून वाटण्याची परंपरा मात्र जुनी आहे.

स्वयंपाकाच्या श्रमांची वाटणी हा दुसरा प्रश्न आहे. अनेक दिंड्यांत दिवसभर चालून आलेल्या स्त्रियाच पोळ्या लाटायला बसतात. काही दिंड्या मानधनावर आचारी नेतात, तर काहींत पाळीपाळीने स्त्री-पुरुष काम करतात. उभ्याने काम करता येईल असा घडीचा ओटा, फाळक्यावर बसवलेली पोळपाटाची फळी किंवा टाकीला जोडलेली नळी यांसारख्या लहान सुधारणांनी सर्वाधिक कष्ट याच कामातले वाचतात.

हेही पाहा

- पंढरपूरची वारी
- नरसी नामदेव
- औंढा नागनाथ
- हिंगोली जिल्हा
- गोपाळकाला